मुंबई ते टोकियो : अंतर एक, वेळा दोन

सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत शहरांमधील अंतरांचे तक्ते असतात. दोन शहरांची नावे आणि त्यांच्यापुढे किलोमीटरचा एक आकडा. स्पर्धापरीक्षेच्या तयारीत आपण तो आकडा पाठ करतो आणि पुढच्या पानाकडे वळतो. मुंबई आणि टोकियो या दोन शहरांपुढे साधारण ६,७०० किलोमीटर असा आकडा सापडेल. आकडा चुकीचा नाही. परंतु तो पाठ करून विमानाचे वेळापत्रक हाती घेतले, तर मात्र कोडे पडते. थांबा न घेता मुंबईहून टोकियोला जाणारे विमान साधारण आठ तासांत पोहोचते. टोकियोहून मुंबईला येताना मात्र त्याच जातीच्या विमानाला साडेनऊ ते दहा तास लागतात.

अंतर तेच, विमान तेच, वैमानिकही तितकेच कुशल. मग हे दीड-दोन तास जातात कोठे?

या एका प्रश्नाचा पाठपुरावा केला, तर भूगोल, इतिहास, हवामानशास्त्र आणि थोडेसे राजकारण अशा चार-पाच विषयांतून आपल्याला फिरून यावे लागते. अंकगणितही लागते; पण ते कला शाखेच्या विद्यार्थ्याला झेपेल इतपतच.

दोरा आणि पृथ्वीगोल

प्रथम अंतराचा विचार करू. अंतर मोजायचे म्हणजे काय करायचे? वर्गातल्या भिंतीवर टांगलेल्या नकाशावर मुंबई आणि टोकियो यांच्यामध्ये पट्टी धरून एक सरळ रेषा ओढावी, असे कोणालाही वाटेल. मर्केटर या नकाशाकाराने १५६९ मध्ये काढलेल्या पद्धतीचा नकाशा आपण घेतला आहे, असे समजू. ही रेषा नागपूरच्या किंचित दक्षिणेने, रायपूरवरून, पुढे ढाक्याजवळून, म्यानमारच्या उत्तर भागातून आणि थेट शांघायवरून टोकियोला जाते.

आता भूगोल विभागातला पृथ्वीगोल घ्या. मुंबईवर दोऱ्याचे एक टोक धरा, टोकियोवर दुसरे, आणि दोरा ताणा. गोलावर दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट म्हणजे हा ताणलेला दोरा. भूगोलाच्या परिभाषेत या वाटेला बृहद्‌वृत्ताचा भाग म्हणतात. म्हणजे ज्या वर्तुळाचा मध्य हाच पृथ्वीचाही मध्य आहे, त्या वर्तुळाचा तुकडा. गंमत अशी, की हा दोरा पट्टीच्या रेषेवरून जात नाही. तो नाशिक आणि जळगावच्या दक्षिणेकडून, चाळीसगावच्या आसपासून निघतो. पुढे नागपूर उजव्या हाताला दूर ठेवून जबलपूरजवळ पोहोचतो. तेथून पाटण्याच्या दक्षिणेने सिलिगुडी, तेथून भूतान, मग पूर्व हिमालय ओलांडून तिबेटचा आग्नेय भाग, चीनमधील चेंगदू शहराच्या उत्तरेकडून पीत समुद्र, दक्षिण कोरिया आणि शेवटी जपान.

दोन्ही वाटांत मधल्या टप्प्यात पाचशे किलोमीटरहून अधिक फरक पडतो. चेंगदूच्या रेखांशावर पट्टीची रेषा २७ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास असते, तर दोरा जवळजवळ ३२ अंशांवर असतो. असे का व्हावे? कारण पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट. नारिंगाची साल टेबलावर सपाट पसरायची, तर ती कोठे तरी फाटते किंवा ताणावी तरी लागते. मर्केटरच्या नकाशात विषुववृत्तापासून जसजसे दूर जावे, तसतसा प्रदेश अधिकाधिक ताणलेला असतो. त्यामुळे तेथील सरळ रेषा ही खरोखरची सर्वांत जवळची वाट राहत नाही.

पण लांबीत फरक किती पडतो? हिशेब केला, तर मुंबईच्या विमानतळापासून टोकियोच्या हानेदा विमानतळापर्यंत दोऱ्याची वाट सुमारे ६,७३० किलोमीटर भरते आणि पट्टीची वाट सुमारे ६,८२० किलोमीटर. म्हणजे मध्ये पाचशे किलोमीटर दूर गेलेली वाट एकूण लांबीत जेमतेम नव्वद किलोमीटरनेच जास्त! विमान कोणत्या प्रदेशावरून जाते आणि त्याला किती जावे लागते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

टोकियोपुरते आणखी एक सांगायला हवे. या शहराला दोन मोठे विमानतळ आहेत. हानेदा हा शहराला लागून आहे. १९७८ मध्ये सुरू झालेला नारिता मात्र शहराच्या मध्यभागापासून साठेक किलोमीटर पूर्वेला आहे. त्यामुळे ‘टोकियो’ म्हणताना नारिता अभिप्रेत असेल, तर मुंबईचे अंतर सुमारे ६,७९० किलोमीटर होते. दोन तक्त्यांत दोन आकडे दिसले, की लगेच एकाला खोटे ठरवू नये, ते यासाठी.

दोऱ्याच्या आड हिमालय

सर्वांत जवळची वाट सापडली, तर विमानांनी तीच धरायला हवी. पण सामान्यतः ती ते धरत नाहीत. याचे कारण दोऱ्याच्या वाटेवर भूताननंतर लगेच दिसते. नामचा बारवा हे ७,७८२ मीटर उंचीचे शिखर या वाटेपासून फार दूर नाही. त्याच्या पुढे सिच्वानच्या सपाट प्रदेशापर्यंत सुमारे हजार-अकराशे किलोमीटर उंच पर्वत आणि पठारे पसरली आहेत.

येथे कोणी म्हणेल, विमान तर दहा-अकरा हजार मीटरवरून जाते, मग खाली शिखर सात हजारांचे असले काय किंवा आठ हजारांचे असले काय? सर्व काही सुरळीत असताना खरोखरच काही बिघडत नाही. प्रश्न असतो तो अडचणीच्या वेळेचा. विमानाच्या आत हवेचा दाब कृत्रिम रीतीने राखलेला असतो. तो काही कारणाने गेला, तर प्रवाशांच्या डोक्यावरून प्राणवायूचे मुखवटे खाली येतात. परंतु बहुतेक प्रवासी विमानांत हा प्राणवायू साधारण बारा ते वीस मिनिटेच पुरतो. तेवढ्या वेळात वैमानिकाने विमान सुमारे ३,००० मीटर उंचीपर्यंत खाली आणायचे असते; तेथे माणसाला मुखवट्याशिवाय श्वास घेता येतो. आता ज्या प्रदेशाची जमीनच सरासरी ४,५०० मीटरच्या वर आहे, तेथे विमान ३,००० मीटरवर आणायचे कसे? हा प्रदेश ओलांडायला तास-सव्वातास लागतो आणि प्राणवायू पुरतो वीस मिनिटे. एक इंजिन बंद पडले, तरी अशीच पंचाईत होते. कारण उरलेल्या इंजिनावर विमानाला पहिली उंची राखता येत नाही, ते हळूहळू खाली येते. शिवाय अचानक उतरायचे, तर जवळपास विमानतळही थोडेच.

प्राणवायूची खास सोय असलेली विमाने तिबेटवरून जातात, ल्हासाला उतरतातही. पण नेहमीच्या लांब पल्ल्याच्या विमानांना तो वळसा टाळण्यात फारसा लाभ नसतो. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ या काळात आसामातून चीनमधील कुनमिंगला सामान पोहोचवणारी विमाने याच पूर्व हिमालयाच्या रांगांवरून जात. वैमानिकांनी त्या वाटेला ‘हंप’, म्हणजे उंटाचे मदार, असे नाव दिले होते. त्या वाटेवर शेकडो विमाने पडली.

म्हणून मुंबईहून टोकियोला जाणारे विमान साधारणपणे हिमालय डाव्या हाताला ठेवून जाते. बंगाल, बांगलादेश, म्यानमार, कुनमिंगचा परिसर, दक्षिण व पूर्व चीन आणि मग समुद्र ओलांडून जपान, अशी ही वाट आहे. कलकत्ता, कुनमिंग, शांघाय असे टप्पे धरून बेरीज केली, तर ती ६,८५० ते ६,९०० किलोमीटरच्या दरम्यान येते. म्हणजे आपण भिंतीवरच्या नकाशावर पट्टीने काढलेली जी रेषा गणिताच्या दृष्टीने लांबची ठरली, तिच्याच आसपास प्रत्यक्षातले विमान जाते. आणि हा सगळा वळसा आहे केवळ दीडशे किलोमीटरच्या आसपासचा; विमानाच्या वेळेत मोजला, तर दहा मिनिटांचा.

पूर्वीच्या वाटा

सरळ दोऱ्यापेक्षा लांबून जाणे ही काही आजची गोष्ट नाही. मुंबई आणि जपान यांच्यामधली वाट प्रत्येक काळात त्या त्या वाहनाच्या ताकदीप्रमाणे ठरत आली आहे. स्वामी विवेकानंद ३१ मे १८९३ रोजी मुंबईहून बोटीने निघाले. कोलंबो, पेनांग, सिंगापूर, हाँगकाँग, नागासाकी असे करत, वाटेत थांबत आणि शहरे पाहत ते जपानमध्ये पोहोचले. १० जुलै १८९३ रोजी त्यांनी योकोहामाहून मद्रासच्या शिष्यांना पत्र लिहिले. मुक्काम धरून हा चाळीस दिवसांचा प्रवास झाला. त्याच वर्षी जमशेटजी टाटांनी जपानच्या निप्पॉन युसेन कैशा या कंपनीशी हातमिळवणी करून मुंबई आणि कोबे यांच्यामध्ये कापसाची मालवाहतूक सुरू केली. बोटीला मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्यामुळे त्या काळी मुंबईहून टोकियो ‘किती लांब’ या प्रश्नाचे उत्तर किलोमीटरमध्ये नव्हे, तर बंदरांमध्ये आणि आठवड्यांमध्ये दिले जाई.

एअर इंडियाची टोकियोची सेवा सुरू झाली १९५५ मध्ये. त्या वेळची पंख्यांची विमाने एका दमात एवढा पल्ला गाठू शकत नव्हती. चीनचे आकाशही परदेशी विमानांना सहजासहजी खुले नव्हते. साहजिकच वाट गेली बँकॉक आणि हाँगकाँगवरून. मुंबई ते बँकॉक सुमारे ३,०००, तेथून हाँगकाँग सुमारे १,७०० आणि तेथून टोकियो सुमारे २,९०० किलोमीटर, अशी ही वाट ७,६०० किलोमीटरची होते. ताशी ५०० किलोमीटर वेग धरला, तर नुसते हवेतच पंधरा तास, थांबे वेगळेच. १९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ हे जेट विमान आले आणि वेग जवळजवळ दुप्पट झाला. पुढे २००७ मध्ये एका जपानी कंपनीने मुंबई-टोकियो थेट सेवा सुरू केली, तेव्हा जादा इंधनाच्या टाक्या बसवलेले एक लहान विमान वापरले. त्यात आसने अगदी मोजकी ठेवली होती. इंधन जास्त घ्यायचे, तर माणसे कमी घ्यावी लागतात. विमानाच्या बाबतीत हा हिशेब कधी सुटत नाही.

असो. अंतराची गोष्ट इथपर्यंत झाली. दोरा, पट्टी, वळसा, सगळे मोजून झाले. पण आपले मूळचे दीड-दोन तास अजून सापडलेले नाहीत. वळसा जाताना असतो तसाच येतानाही असतो. त्याने दोन्ही वेळा सारख्याच वाढतील. तेव्हा कारण जमिनीवर नाही, ते हवेत शोधले पाहिजे.

नदीतली होडी

नदीच्या प्रवाहाबरोबर होडी हाकणे आणि प्रवाहाच्या विरुद्ध हाकणे, यातला फरक कोणाही नावाड्याला विचारावा. वल्हे मारायला दोन्ही वेळा सारखाच जोर लागतो. पण होडी पाण्यातून जाते आणि पाणी स्वतःही चाललेले असते. काठावरून पाहणाऱ्याला एकदा दोघांच्या वेगांची बेरीज दिसते, एकदा वजाबाकी. विमानही असेच हवेतून जाते, आणि हवा स्वतःही चाललेली असते.

आपल्या मार्गाला हे लावून पाहू. सोयीसाठी अंतर ६,९०० किलोमीटर धरा, आणि शांत हवेत विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर. वारा नसेल, तर वेळ लागेल ७ तास ४० मिनिटे. आता सबंध वाटेवर सरासरी ताशी १०० किलोमीटर वेगाचा पश्चिम वारा, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वारा, आहे असे समजा. टोकियोला जाताना जमिनीच्या दृष्टीने वेग झाला १,०००. वेळ ६ तास ५४ मिनिटे. येताना वेग उरला ८००. वेळ ८ तास ३७ मिनिटे. फरक १ तास ४३ मिनिटांचा! दोन्हींत धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, वर चढणे, खाली उतरणे आणि वेळापत्रकात हाताशी ठेवलेली थोडी सूट यांची अर्धा-पाऊण तासाची भर घाला. म्हणजे वेळापत्रकातल्या आकड्यांच्या आपण पुष्कळ जवळ येतो.

या हिशेबात एक बारकी गोष्ट आहे. जाताना जे मिळते, ते येताना परत द्यावे लागते. तेव्हा जाऊन-येऊन हिशेब सारखाच राहील, असे आपल्याला वाटते. पण तो राहत नाही. वारा नसताना जाण्या-येण्याला १५ तास २० मिनिटे लागली असती. वाऱ्यात लागली १५ तास ३१ मिनिटे. जाताना ४६ मिनिटे वाचली, येताना ५७ गेली. कारण उघड आहे. अनुकूल वाऱ्यात आपण कमी वेळ असतो आणि प्रतिकूल वाऱ्यात जास्त वेळ. म्हणून मदत थोडा वेळ मिळते आणि अडवणूक जास्त वेळ होते. वारा दोन्ही बाजूंनी सारखाच वागला, तरी प्रवासी एकूण तोट्यातच राहतो.

पृथ्वी फिरते म्हणून?

या फरकाचे एक सोपे वाटणारे उत्तर पुष्कळदा ऐकू येते, ते म्हणजे ‘पृथ्वी फिरते म्हणून.’ पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. तेव्हा विमान हवेत असताना खालची जमीन सरकत असणार. पण हे खरे मानले, तर निष्कर्ष उलटाच निघतो. पूर्वेला जाणाऱ्या विमानापुढून टोकियो पळत राहील आणि पश्चिमेला येणाऱ्या विमानाकडे मुंबई आपण होऊन चालत येईल. म्हणजे परतीचा प्रवास झटपट व्हायला हवा. प्रत्यक्षात तोच लांबतो.

चूक कोठे आहे? हवा पृथ्वीपासून सुटी नाही. ती पृथ्वीबरोबर फिरते. धावत्या आगगाडीच्या डब्यात लिंबू वर उडवले, तर ते पुन्हा आपल्याच हातात पडते, मागच्या बाकावर जात नाही. विमानही उडण्यापूर्वीच पृथ्वीच्या वेगात सामील असते. म्हणून नुसत्या परिवलनाने प्रवासाचा वेळ कमीजास्त होत नाही.

तरीही परिवलनाचा या गोष्टीशी संबंध आहे. तो सरळ नाही, आडवळणाचा आहे. विषुववृत्तावरची जमीन परिवलनामुळे ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असते. मुंबईच्या अक्षांशावर हा वेग सुमारे १,५८० आणि टोकियोच्या अक्षांशावर सुमारे १,३६० असतो. कारण ध्रुवाकडे जावे तसे वर्तुळ लहान होत जाते. आता उष्ण कटिबंधात तापून वर गेलेली हवा उत्तरेकडे सरकू लागली, की ती आपला मूळचा पूर्वेकडचा वेग बरोबर घेऊनच निघते. पुढे गेल्यावर खालची जमीन तिच्यापेक्षा हळू चाललेली असते. त्यामुळे ती हवा जमिनीच्या पुढे पूर्वेकडे धावते. जमिनीवर उभ्या असलेल्या आपल्याला तो जोराचा पश्चिम वारा वाटतो. त्यातच हिवाळ्यात सायबेरियाची गोठलेली हवा आणि पॅसिफिक महासागराची उबदार हवा जपानच्या आसपास शेजारी शेजारी येतात. तापमानातला हा तीव्र फरक वरच्या थरातल्या वाऱ्याला आणखी जोर देतो. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवरच्या या वेगवान, अरुंद प्रवाहाला जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात जपानवरचा जेट प्रवाह जगातल्या सर्वांत जोरकस प्रवाहांपैकी एक असतो. तेथे ताशी २०० ते ३०० किलोमीटर वेगाचे वारे नवलाचे नाहीत.

म्हणूनच आपल्या मार्गावरचा फरक महिन्याप्रमाणे बदलतो. हिवाळ्यात तो सर्वांत अधिक. उन्हाळ्यात हा प्रवाह मंदावतो आणि उत्तरेकडे सरकतो. पावसाळ्यात तर भारतावर, विशेषतः दक्षिण भारतावर, उंच थरात उलटा, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा प्रवाह असतो. या पूर्व जेट प्रवाहाचा अभ्यास पी. कोटेश्वरम् या भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये जगापुढे मांडला. आपल्याकडे खाली नैर्ऋत्य मोसमी वारा पाऊस आणत असतो, तेव्हा त्याच्या डोक्यावर हा प्रवाह उलट दिशेने वाहत असतो. जुलै-ऑगस्टमध्ये जाण्यायेण्याच्या वेळांतला फरक घटतो, त्याचे कारण या बदलांत आहे.

एका अहवालाची कथा

जपानवरच्या या वाऱ्याचा शोध लागला, त्याची कथा भाषेच्या विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावी अशी आहे. टोकियोच्या ईशान्येला तातेनो येथे एक वेधशाळा होती. तिचे संचालक वासाबुरो ओइशी यांनी १९२० नंतरच्या दशकात हवेत फुगे सोडून, दुर्बिणीतून त्यांचा मागोवा घेऊन उंचावरचे वारे मोजले. हिवाळ्यात जपानवर विलक्षण जोराचे पश्चिम वारे वाहतात, हे त्यांना आढळून आले. १९२६ मध्ये त्यांनी अहवाल प्रसिद्ध केला. सर्व जगाने तो वाचावा अशी त्यांची इच्छा होती. जपानी भाषा जगाला कळणार नाही, म्हणून त्यांनी तो सर्व जगाची भाषा व्हावी म्हणून तयार केलेल्या एस्पेरांतो भाषेत लिहिला. परिणाम असा झाला, की परदेशी शास्त्रज्ञांनी त्याची जवळजवळ दखलच घेतली नाही.

ही उपेक्षा महागात पडली. नोव्हेंबर १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमाने टोकियोवर उंचावरून आली, तेव्हा त्यांना हा वारा अनपेक्षितपणे भेटला आणि बॉम्ब लक्ष्य सोडून भलतीकडे पडू लागले. दुसरीकडे जपानी लष्कराने याच वाऱ्याचे ज्ञान वापरून सुमारे नऊ हजार कागदी फुगे बॉम्ब बांधून पॅसिफिकपलीकडे अमेरिकेच्या दिशेने सोडले. त्यांतल्या एकाने ५ मे १९४५ रोजी ओरेगॉन राज्यात एक स्त्री आणि पाच मुले अशा सहा जणांचा बळी घेतला. शांततेच्या काळात मात्र हाच वारा उपयोगी पडला. १९५२ मध्ये पॅन ॲम कंपनीने टोकियोहून होनोलुलूला जाणारे विमान मुद्दाम या प्रवाहातून नेले. अठरा तासांचा प्रवास साडेअकरा तासांवर आला. तेव्हापासून लांब पल्ल्याच्या विमानाची वाट रोजच्या वाऱ्याचा अंदाज पाहून आखणे ही नित्याची गोष्ट झाली. जाताना प्रवाहाच्या आत शिरायचे, येताना शक्य तितके त्याला टाळायचे. म्हणून एकाच दिवशी जाणाऱ्या आणि येणाऱ्या विमानांच्या वाटा वेगळ्या असू शकतात.

घड्याळाचा चकवा

एवढे समजल्यावर कोणी वेळापत्रक पाहिले आणि नुसती वजाबाकी केली, तर त्याची पुन्हा फसगत होते. समजा, विमान मुंबईहून रात्री ८ वाजता निघाले आणि टोकियोला सकाळी ७.३० वाजता पोहोचले. वजाबाकी सांगते साडेअकरा तास. परतीचे विमान टोकियोहून सकाळी ११ वाजता निघून मुंबईला संध्याकाळी ५.३० वाजता आले. वजाबाकी सांगते साडेसहा तास. म्हणजे जाणे लांबचे आणि येणे जवळचे! वस्तुस्थिती नेमकी उलट आहे.

भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि जपानची आकाशी या गावावरून जाणाऱ्या १३५ अंश पूर्व रेखांशावरून. दोहोंमध्ये ५२.५ अंशांचे अंतर. दर अंशाला ४ मिनिटे धरली, तर २१० मिनिटे, म्हणजे साडेतीन तास. जाताना हे साडेतीन तास घड्याळात फुकटचे वाढतात. ते वजा केले, की खरे ८ तास उरतात. येताना ते घड्याळातून गळतात. ते मिळवले, की खरे १० तास होतात. वाऱ्याने केलेला फरक घड्याळ झाकून टाकते, नव्हे, त्याला उलटा मुखवटा चढवते. भारत व जपान या दोन्ही देशांत उन्हाळ्यात घड्याळे पुढे करण्याची पद्धत नाही. त्यामुळे हे साडेतीन तास वर्षभर तसेच राहतात.

आकाशाचे मालक

शेवटी आणखी एक गोष्ट. वारा आणि पर्वत यांच्याप्रमाणेच माणसांनी आखलेल्या सीमाही वाट ठरवतात. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने असे मान्य केले, की प्रत्येक राष्ट्राची सत्ता आपल्या भूमीवरच्या आकाशावरही आहे. मुंबईहून टोकियोला जाणाऱ्या विमानाला वाटेतल्या प्रत्येक देशाची परवानगी लागते. ती न मिळाल्यास काय होते, हे दुसऱ्या दोन आशियाई शहरांवरून पाहता येईल. दिल्ली ते ताश्कंद हे अंतर दोऱ्याने मोजले, तर अवघे १,५८० किलोमीटर भरते; मुंबई-टोकियोच्या पावपटीहूनही कमी. पण वाटेत पाकिस्तानचे आकाश आहे. एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानांना बंद झाले, तेव्हा एका भारतीय कंपनीला दिल्ली-ताश्कंद सेवा थांबवावी लागली. दोरा होता तेवढाच राहिला; शहर मात्र दूर गेले.

तात्पर्य, ‘किती लांब?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. पृथ्वीगोलाला विचारले, तर तो ६,७३० किलोमीटर म्हणेल, आणि ते उत्तर शेकडो वर्षे बदलणार नाही. विमानाला विचारले, तर ते पर्वत आणि सीमा सांभाळून ६,९०० च्या आसपासचा आकडा सांगेल, आणि तोही रोज थोडा बदलेल. प्रवाशाला विचारले, तर तो विचारील, जाताना की येताना, जानेवारीत की जुलैमध्ये? तक्त्यातला आकडा खोटा नसतो. तो एका प्रश्नाचे उत्तर असतो, आणि आपण मात्र ते दुसऱ्याच प्रश्नाला लावतो. इतिहासातली सनावळी असो, अर्थशास्त्रातले सरासरी उत्पन्न असो किंवा साक्षरतेची टक्केवारी असो, हीच खबरदारी तेथेही उपयोगी पडेल.

तोवर ज्यांना हे सारे तपासून पाहायचे असेल, त्यांनी एक दोरा आणि एक पृथ्वीगोल घ्यावा. मुंबई आणि टोकियो झाल्यावर दिल्ली आणि सोल, कलकत्ता आणि बीजिंग, मुंबई आणि सिंगापूर अशा जोड्या घेऊन दोरा कोणकोणत्या देशांवरून जातो, हे लिहून काढावे. मग वेळापत्रकात जाण्याची आणि येण्याची वेळ पाहून, घड्याळांचा फरक काढून टाकून, वाऱ्याने किती घेतले आणि किती दिले, हे आपले आपणच मोजावे. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या जोड्यांत आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या जोड्यांत काय फरक पडतो, तेही पाहावे. मुंबई-सिंगापूरसारखी आग्नेयेकडची वाट पूर्व आशियावरच्या जेट प्रवाहापासून बरीच दूर असते. तेथे दोन्ही वेळा एकमेकींच्या जवळ आलेल्या दिसतील.